लकव्याच्या डिस्चार्ज कार्डावर एक ओळ कमी आहे

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबारचे जिल्हा शल्यचिकित्सक,
तिन्ही जिल्ह्यांतील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे मेडिसिन विभाग,
आणि खानदेशात लकव्याचे रुग्ण पाहणारे सर्व फिजिशियन

सप्रेम नमस्कार.

आपल्याकडे ‘लकवा मारला’ म्हटले की लुळा हात, ओढत टाकलेला पाय आणि वाकडे तोंड एवढेच डोळ्यांपुढे येते. घरच्यांचे एक वेळ सोडा, केसपेपरवरही तेच असते. हाताची ताकद पाचपैकी दोन, पायाची पाचपैकी तीन, बीपी इतके, साखर इतकी. आठ-दहा दिवसांनी रुग्ण आधार घेऊन चालू लागला की कार्डावर ‘प्रकृती स्थिर, चालू शकतो’ असे लिहून त्याला घरी पाठवतात. त्याचे लक्ष किती वेळ टिकते, सांगितलेले लक्षात राहते का, चार पायऱ्यांचे काम क्रमाने जमते का, डावीकडच्या गोष्टींची त्याला दखल आहे का, यावर कार्डात एक अक्षर नसते.

या तीन जिल्ह्यांत लकव्यानंतरच्या पुनर्वसनाचे काम करणारे आम्ही वाचा-उपचारतज्ज्ञ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि मानसशास्त्रज्ञ आहोत. मागणी एकच आहे. डिस्चार्ज कार्डावर आकलनाची, म्हणजे लक्ष, स्मरण, भाषा आणि नियोजन यांची, एक ओळ असावी. ती रुग्णाच्या स्वतःच्या बोलीत तपासून लिहिलेली असावी आणि तिच्यापुढे फेरतपासणीची तारीख असावी.

ही चैन नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२३ च्या निवेदनानुसार स्ट्रोकनंतरच्या, म्हणजे लकवा आणणाऱ्या मेंदूच्या झटक्यानंतरच्या, पहिल्या वर्षात ६० टक्क्यांपर्यंत रुग्णांच्या आकलनात काही ना काही दोष दिसतो, आणि सर्वांत जास्त तो सुरुवातीच्या काळात असतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात असे दिसले की साधारण दहापैकी एकाला पहिल्या झटक्याआधीच डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होता, आणखी एकाला झटक्यानंतर लवकरच झाला. झटका पुन्हा आलेल्यांत हे प्रमाण एक तृतीयांशाच्या वर गेले. म्हणजे दुसऱ्यांदा आलेल्या रुग्णाच्या फक्त हातापायाची ताकद मोजणे हे अर्धेच काम झाले.

‘चालतो’ म्हणजे ‘सांभाळतो’ असे नाही. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत ठिबकचे पाणी एका भागातून दुसऱ्या भागात फिरवताना आधी पुढचा वॉल्व उघडायचा आणि मग मागचा बंद करायचा असतो. क्रम उलटला की दाब वाढतो आणि जोड निखळतो. वीस वर्षे हे काम डोळे मिटून करणारा माणूस झटक्यानंतर आधी वॉल्व बंद करतो आणि पुढे काय करायचे ते विसरून बांधावर बसतो. त्याचे हातपाय शाबूत असतात, बिघाड क्रम लावण्यात असतो. हाच माणूस पंधरा लिटरच्या पंपात औषधाचे माप दोनदा टाकू शकतो, इन्सुलिन घेतले की नाही ते विसरून पुन्हा टोचू शकतो, रक्त पातळ करणारी गोळी चार दिवस सोडू शकतो. घरचे म्हणतात ‘आळशी झाला’, ‘हट्टी झाला’. वॉर्डात पंधरा-वीस मिनिटे घालवली असती तर यातले बरेचसे आधीच कळले असते.

काही डॉक्टर म्हणतात, आम्ही एनआयएचएसएस ही झटक्याची तीव्रता मोजणारी पट्टी लावतो, त्यात हे येतेच. त्यात येते ते थोडेच. त्या अकरा बाबींत महिना आणि वय हे दोन प्रश्न आहेत, थोडी भाषा आहे, एका बाजूच्या दुर्लक्षाची जुजबी तपासणी आहे. स्मरणशक्ती नाही, नियोजन नाही. मेंदूत खोलवर असलेल्या थॅलॅमसच्या पुढच्या भागात किंवा कॉडेटमध्ये छोटासा इन्फार्क्ट झाला, म्हणजे रक्त न पोहोचून तेवढा भाग मेला, तर हातापायात काहीच न दिसता माणूस विसराळू आणि निरिच्छ होतो. त्याचा स्कोअर शून्यही येऊ शकतो. पहिल्या दिवशीच्या साध्या सीटीत तो इन्फार्क्ट दिसेलच असेही नाही.

आधी भ्रम, मग परीक्षा

पहिल्या तीन दिवसांत कोणतीही लांबलचक चाचणी लावू नये. तेव्हा शोधायचा तो डिलिरियम, म्हणजे अचानक आलेला आणि दिवसभरात कमीजास्त होणारा भ्रम. त्यासाठी ‘४एटी’ पुरते. ती फुकट आहे आणि दोन मिनिटांत होते. तिच्यात चारच गोष्टी आहेत: रुग्ण नीट जागा आहे का, वय, जन्मतारीख, ठिकाण आणि वर्ष सांगतो का, डिसेंबरपासून महिने उलटे म्हणतो का, आणि हा बदल अचानक आलेला किंवा चढउताराचा आहे का. चार किंवा जास्त गुण आले तर डिलिरियमचा संशय घ्यायचा. एक ते तीन आले तर आकलनात दोष असण्याची शक्यता धरायची.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला जन्मतारखेचा. आपल्या खेड्यांतल्या जुन्या पिढीची कागदावरची जन्मतारीख १ जून किंवा १ जानेवारी असते आणि ती स्वतःलाही ठाऊक नसते. ती चूक धरण्याआधी झटक्यापूर्वी सांगता येत होती का, हे घरच्यांना विचारा. दुसरा खड्डा खोल आहे. ४एटीत ज्याची तपासणीच करता येत नाही त्याला प्रश्नांच्या बाबीत दोन आणि उलट्या महिन्यांच्या बाबीत दोन गुण पडतात. मग वाचा गेलेला पण पूर्ण शुद्धीवर असलेला रुग्ण एकही चूक न करता चारावर पोहोचतो. त्याच्या बाबतीत भर द्यायचा तो पहिल्या आणि चौथ्या बाबीवर, म्हणजे जागेपणावर आणि चढउतारावर. रात्रपाळीच्या सिस्टरला आणि पायथ्याशी झोपणाऱ्या नातेवाइकाला विचारल्याशिवाय चौथी बाब भरता येत नाही.

भ्रम सापडला तर कारण शोधा: सोडियम, साखर, ताप, छातीतला संसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता. औषधांची यादी काढा. रात्रीची अल्प्राझोलाम, ॲमिट्रिप्टिलिन, ट्रायहेक्सीफेनिडिल, सर्दीच्या गोळीतले क्लोरफेनिरामिन, यांतली एखादी तरी बहुतेक वेळा सापडते. दारूचा इतिहास खोदून विचारा, विशेषतः शेवटचा घोट कधी घेतला ते. मोहाची घेणारे बरेच जण तिला दारूत धरतच नाहीत, त्यामुळे ‘दारू पिता का’ या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर खोटे नसते, प्रश्नच चुकीचा असतो. दारू सुटल्यावरचा गंभीर भ्रम साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी उसळतो आणि तो लकव्याच्या खात्यावर लिहिला जातो.

तीसपैकी किती, हा प्रश्न अपुरा का

भ्रम नसेल किंवा ओसरला असेल तर घरी सोडण्याआधी तपासणी करायची. नेहमीचा मार्ग म्हणजे एमएमएसई किंवा मोका, या आकलनाच्या तीस गुणांच्या दोन चाचण्या. एमएमएसई १९७५ ची आहे. तिच्यात तीसपैकी दहा गुण वेळ-ठिकाणाचे आहेत आणि नियोजनक्षमता जवळपास नाहीच. लकव्यात बऱ्याचदा बिघडते नेमके तेच. २००५ ची मोका या बाबतीत बरी. पण तिचे तीस गुण कुठून येतात ते पाहा. आकृत्या आणि घड्याळ पाच, प्राण्यांची नावे तीन, लक्ष सहा, भाषा तीन, साम्य सांगणे दोन, पाच शब्द आठवणे पाच, वेळ-ठिकाण सहा.

आता चौथी पास किंवा शाळाच न पाहिलेला रुग्ण घ्या. आकृत्यांचे पाच, शंभरातून सात-सात वजा करण्याचे तीन, ठरावीक अक्षर ऐकून टिचकी मारण्याचा एक, अक्षरावरून शब्द सांगण्याचा एक, असे दहा गुण थेट शाळेवर टेकलेले आहेत. ज्या हाताने आयुष्यात पेन्सिल धरली नाही त्याला घन काढायला सांगून मेंदूची परीक्षा होत नाही. प्राण्यांत गेंडा आहे. सातपुड्यातला माणूस बिबट्या पायाच्या ठशावरून ओळखेल, पण गेंडा त्याने कुठे पाहिला असणार? बारा वर्षे किंवा कमी शिक्षण असेल तर एक गुण वाढवून देतात. या तफावतीपुढे तो एक गुण म्हणजे दर्यात खसखस. मूळचा २६ चा उंबरठा तसाच लावला तर रुग्णाशेजारी स्टुलावर बसलेला त्याचा धडधाकट भाऊही नापास होईल.

वाचाघाताच्या, म्हणजे झटक्याने भाषा बिघडलेल्या, रुग्णाचे याहून वाईट होते. नावांचे तीन, भाषेचे तीन, आठवणीचे पाच आणि वेळ-ठिकाणाचे सहा, असे निदान सतरा गुण बोलून मिळवायचे आहेत. स्मरण उत्तम असूनही त्याला तेरापर्यंत अडकावे लागते आणि कागदावर ‘तीव्र दोष’ लागतो. म्हणून बेरीज सोडा आणि एकेक क्षमता वेगळी पाहा. २०१५ ची ऑक्सफर्ड कॉग्निटिव्ह स्क्रीन याच विचाराने बनवली आहे. भाषा, लक्ष, स्मरण, अंक, हालचालींची जुळणी आणि नियोजन, प्रत्येकाचा निकाल स्वतंत्र. वाचाघात आणि एका बाजूचे दुर्लक्ष यांचा अडथळा इतर निकालांत शक्यतो येऊ नये अशी तिची रचना आहे. निरक्षरांसाठी देशात कामच झालेले नाही असेही नाही. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांसाठी एमएमएसईवरून तयार झालेली हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन १९९५ पासून उपलब्ध आहे. त्यातली दृष्टी उचला, शब्द उचलू नका.

बोलीचा प्रश्न

खानदेशात ‘मातृभाषा: मराठी’ असे छापून चालत नाही. धुळे, शिरपूर, अमळनेर, चाळीसगावकडे घरात अहिराणी, यावल-रावेर-भुसावळ पट्ट्यात लेवा बोली, तडवी भिल्लांची त्यांची बोली, धडगाव-अक्कलकुव्यात पावरी आणि भिली, नवापूरला मावची आणि वर गुजराती. दोन-तीन भाषा येणाऱ्या माणसाची वाचा गेली तर सगळ्या भाषा सारख्याच जातात किंवा सारख्याच परत येतात असे नाही. म्हणून घरात कोणती, शाळेत कोणती, बाजारात कोणती, हे आधी लिहून घ्या आणि येणाऱ्या प्रत्येक भाषेत निदान पाच मिनिटे तपासा.

एक जवळचे उदाहरण. कॉटशेजारच्या मुलाकडे बोट दाखवून ‘हा कोण?’ विचारले. रुग्ण म्हणाला, ‘मना आंडोर.’ दुसऱ्या भागातून आलेला इंटर्न लिहितो: निरर्थक शब्द वापरतो, वाचाघाताची शक्यता. आंडोर म्हणजे अहिराणीत मुलगा. उत्तर शंभर टक्के बरोबर होते. उलटेही घडते. भराभर बोलणारा पण अर्थ हरवलेला रुग्ण ‘बोलणे सुरळीत’ म्हणून सुटतो, किंवा ‘वेड्यासारखे बोलतो’ म्हणून थेट मानसोपचाराकडे पाठवला जातो. त्याचा खरा बिघाड समजण्यातला असतो.

म्हणून सगळ्यात आधी ‘हो-नाही’ची खात्री करा. सहा साधे प्रश्न, तीनांचे उत्तर हो, तीनांचे नाही, क्रम मिसळलेला. ही ट्यूबलाइट चालू आहे का? तुम्ही बाई आहात का? आपण बसस्टँडवर आहोत का? सहापैकी तीन बरोबर म्हणजे नाणे उडवल्यासारखे झाले. पाच-सहा आले तर पुढे जा. मान हलवणे, बोट उचलणे, काहीही चालेल. मग हातवारे न करता एक पायरीची आज्ञा, ‘डोळे मिटा’, नंतर दोन पायऱ्यांची. आज्ञा देताना आपण नकळत स्वतःचेच डोळे मिटतो. तेवढे सांभाळा.

वार-तारखेचे प्रश्नही माणसाच्या कॅलेंडरातून घ्या. इंग्रजी तारीख न सांगणाऱ्या आजी आठवडी बाजार काल झाला की परवा हे चोख सांगतात, आखाजी (अक्षय्य तृतीया) होऊन किती दिवस झाले तेही सांगतात. ‘आज काय वार शे?’ आणि ‘तुम्ही आते कोठे शेतस?’ एवढे दोन प्रश्न अहिराणीत विचारले तरी समोरचा चेहरा सैल होतो. महिने उलटे जमत नसतील तर वार उलटे म्हणायला सांगा. मात्र सात वार बारा महिन्यांपेक्षा सोपे आहेत, म्हणून बदल केल्याची नोंद ठेवा. प्रत्येकाने आपापल्या मनाने दर वेळी वेगळे विचारले तर सहा महिन्यांनी तुलना कशाशी करणार?

दुभाषी लागतो तिथे आशा किंवा वॉर्डातली मावशी मदत करते. तिला आधी दोन वाक्यांत बजावा: जे विचारले तेवढेच विचारायचे, आणि उत्तर चुकले तर चुकलेलेच सांगायचे. नातेवाइकांना दुभाषी करू नये. ‘सांगा ना बाबा, गुरुवार ना? गुरुवार!’ यातून सुनेची स्मरणशक्ती उत्तम आहे एवढेच सिद्ध होते.

डावी बाजू

उजव्या मेंदूच्या झटक्यात एक दोष हमखास निसटतो, तो म्हणजे डावीकडचे दुर्लक्ष. रुग्ण नीट बोलतो, विनोद करतो, म्हणून त्याच्यावर कोणी संशय घेत नाही. जेवणाच्या वेळी ताट पाहा. उजवीकडची भाजी आणि भात संपलेला, डावीकडची भाकरी तशीच. घरचे म्हणतात भूक मेली. ताट अर्धे फिरवून ठेवा, तो राहिलेली भाकरी खाऊ लागतो. दाढी अर्धीच केलेली असते, चष्म्याची डावी काडी कानावर नसते.

कागदावर तपासायचे तर कोऱ्या ए-फोर पानावर अडीच सेंटिमीटरच्या चाळीसेक आडव्यातिडव्या रेघा विखरून काढा. पान रुग्णाच्या छातीच्या मध्यरेषेसमोर ठेवा आणि हलू देऊ नका. मधली एक रेघ स्वतः छेदून दाखवा आणि बाकीच्या छेदायला सांगा. याला अक्षरओळख लागत नाही. एकूण किती सुटल्या यापेक्षा कोणत्या बाजूच्या सुटल्या ते मोजा. दोन्हीकडच्या सारख्या सुटल्या तर प्रश्न लक्षाचा किंवा नजरेचा आहे. सगळ्या डावीकडच्याच सुटल्या तर दुर्लक्ष. मग वीस सेंटिमीटरच्या आडव्या रेघेचा मध्य दाखवायला सांगा. दुर्लक्ष असेल तर खूण उजवीकडे सरकते.

अर्धी नजर गेलेली असणे आणि दुर्लक्ष असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण एकाच रुग्णात दोन्ही असू शकतात. नजर गेलेल्याला बहुधा आपले काहीतरी सुटते आहे हे कळते आणि तो मान वळवून शोधतो. दुर्लक्षवाला शोधतच नाही, कारण त्याच्या लेखी तिकडे काही नाहीच. दोन्ही बाजूंना एकाच वेळी बोट हलवून पाहा. एकेकटे दिसते पण दोन्ही मिळून हलवली की डावे ‘नाहीसे’ होते, ही सौम्य दुर्लक्षाची खूण. अशा रुग्णाला दुचाकी देऊ नका असे कार्डावर ठळक लिहा. तो स्वतः ‘मला काही झालेले नाही’ म्हणेल आणि ते मनापासून म्हणेल. आपला दोष न जाणवणे हाही याच आजाराचा भाग आहे.

आठवण आणि क्रम

आठवणीसाठी पाच ठोस शब्द घ्या, पाचही वेगवेगळ्या गटांतले. उदाहरणार्थ: विळा, केळी, देऊळ, घोंगडी, रेडा. दोनदा म्हणून घ्या, पाच मिनिटे दुसरे काम द्या, मग विचारा. जे आठवत नाही त्याला गटाचा इशारा द्या: ‘एक अवजार होते’, ‘एक जनावर होते’. खरी माहिती इथे मिळते. इशाऱ्याने शब्द परत आला तर तो साठवलेला आहे, फक्त शोधून काढता येत नाही. मेंदूच्या पुढच्या भागाच्या आणि खोलवरच्या झटक्यांत हे चित्र दिसते. इशाऱ्यानेही नाही आणि तीन शब्दांतून निवडायला दिले तरीही नाही, तर शब्द साठलाच नाही. मग हिप्पोकॅम्पस या आठवणी साठवणाऱ्या भागाचा झटका किंवा आधीपासूनचा अल्झायमर, याचा विचार करा. ‘पाचपैकी दोन’ या एका आकड्यात हा फरक बुडून जातो.

नियोजनासाठी मूठ-कड-तळवा हा क्रम (आधी मूठ, मग हाताची कड, मग तळवा टेकवणे) धडधाकट हाताने करायला लावा. आधी तीन वेळा सोबत करा, मग सहा वेळा एकट्याने करू द्या. नंतर टिचक्या: मी एक वाजवली की तुम्ही दोन, मी दोन वाजवल्या की तुम्ही एक. जमले की नियम बदला: मी दोन वाजवल्या की तुम्ही काहीच नाही. जुना नियम सुटत नाही तिथे अडकणारा माणूस घरी गॅस बंद करताना, गोळ्यांचे वेळापत्रक बदलल्यावर, पैसे परत घेताना असाच अडकणार. हिशेब शंभरातून सात वजा करून विचारण्यापेक्षा बाजारातून विचारा: पाचशेची नोट दिली, भाजी एकशे चाळीसची, परत किती? आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या खोलीत शेगडी असेल तर चहा करायला लावा. चहा बिघडला की नाही यापेक्षा कितव्या पायरीवर किती वेळा सांगावे लागले, ते लिहा.

मनःस्थितीचे थोडक्यात. उदास माणूस हळू उत्तर देतो आणि गुण गमावतो, म्हणून पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली सोबत लावा. सत्तावीसपैकी दहा किंवा जास्त आले तर पुढे तपासा. वाचाघात असेल तर घरच्यांकडून निरीक्षणे घ्या. निरिच्छपणा आणि उदासी एक नव्हे. निरिच्छ माणूस दुःखी नसतो, त्याला काही सुरूच करावेसे वाटत नाही. क्षुल्लक कारणाने आवरता न येणारे रडू किंवा हसू हेही स्ट्रोकचेच लक्षण असू शकते. त्यावरून लगेच नैराश्य लिहू नका.

झटक्याआधी माणूस कसा होता, हे घरच्यांना एकीकडे घेऊन विचारा. आयक्यूकोड या नातेवाइकांसाठीच्या प्रश्नावलीच्या छोट्या रूपात सोळा प्रश्न आहेत आणि ते दहा वर्षांपूर्वीशी तुलना करतात. तेवढा वेळ नसेल तर निदान इतके: पैशांचे व्यवहार कोण पाहत होते, बाजारहाट एकटे करत होते का, वाट चुकले होते का, तेच ते पुन्हा विचारत होते का. दोन नातेवाइकांना वेगवेगळे विचारा. शेतीच्या वाटणीचा वाद घरात असेल तर उत्तरे त्या वादाच्या रंगाची येतात.

नोंद कशी असावी

सकाळी, चहा-नाश्त्यानंतर, फिजिओथेरपीच्या आधी, चष्मा आणि कानातले यंत्र लावून, पडदा ओढून तपासा. उजवा हात लुळा झालेल्या, उजव्या हाताची सवय असलेल्या माणसाने डाव्या हाताने काढलेल्या आकृतीला गुण देऊ नका. आणि जे तपासता आले नाही तिथे ‘तपासता आले नाही’ असेच लिहा, शून्य लिहू नका. आमच्या मते सगळ्यात जास्त नुकसान या एका शून्याने होते.

आम्हाला अपेक्षित नोंद अशी: ‘दिवस ६, सकाळी १०, अहिराणीत, चष्म्यासह, उजव्या हाताने. ४एटी शून्य. हो-नाही सहापैकी सहा. रेघा: डावीकडच्या ७ सुटल्या, उजवीकडची एकही नाही. पाच शब्द: आपोआप २, इशाऱ्याने ५. मूठ-कड-तळवा जमत नाही. वाचन-लेखन तपासले नाही, शाळा नाही. गोळ्या आणि इन्सुलिन दुसऱ्याने द्यावे. दुचाकी, ठिबक, फवारणी सध्या बंद.’ तपासायला वीस मिनिटे, लिहायला दोन. एखादी स्टाफ नर्स, फिजिओथेरपिस्ट किंवा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातला मानसशास्त्रज्ञ हे शिकू शकतो. डॉक्टरच हवा असे नाही.

आम्ही वर सांगितलेल्या शब्दांच्या आणि टिचक्यांच्या तपासण्यांना खानदेशातले उंबरठे अजून लावता येत नाहीत, आणि इथे वैद्यकीय महाविद्यालयांची गरज आहे. वॉर्डात रुग्णांसोबत आलेले धडधाकट नातेवाईक त्याच गावचे, त्याच बोलीचे, तेवढ्याच शाळेचे असतात. त्यांची संमती घेऊन हीच तपासणी त्यांच्यावर करा आणि वय, शिक्षण, बोली यांप्रमाणे आकडे मांडा. एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रबंधाला याहून उपयोगी विषय कोणता?

नंदुरबारसाठी एक वेगळी सूचना. तिथे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, आणि सिकलसेलमध्ये लहान मुलांनाही झटका येतो. कधी तर बाहेरून काहीच न दिसता मेंदूत छोटे इन्फार्क्ट होतात. या मुलांना मोठ्यांच्या चाचण्या लागू नाहीत. शाळेत अचानक मागे पडणे हीच तिथे तपासणीची घंटा. आश्रमशाळेच्या शिक्षकांना विचारा. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेच्या तपासणीलाच हा प्रश्न जोडता येईल.

दिव्यांग प्रमाणपत्राच्या मंडळांनाही सांगणे आहे. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि वाचा-भाषेच्या दिव्यांगत्वात वाचाघाताचा स्पष्ट उल्लेख आहे. तरी लकव्याच्या रुग्णाचे फक्त हातपाय मोजून ४० टक्क्यांच्या, म्हणजे सवलतींसाठी लागणाऱ्या मर्यादेच्या, खाली आकडा लिहिला जातो. ज्याचा हात सुधारला पण वाचा गेली त्याला वाचा-उपचारतज्ज्ञाकडे पाठवल्याशिवाय फाइल बंद करू नये.

आणि मेंदूच्या टॉनिकबद्दल, स्पष्टच बोलायचे तर. सिटिकोलिनची मोठी चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात ताज्या झटक्यात फायदा दिसला नाही. महिनोन्‌महिने तिच्यावर होणारा खर्च बीपीच्या गोळ्या न चुकता घेण्याकडे वळला तर पुढचा झटका टळण्याची शक्यता जास्त.

राहिली फेरतपासणी. भ्रम आणि सुरुवातीची सूज ओसरल्यावर चित्र बदलते, म्हणून वॉर्डातल्या निकालावर ‘डिमेन्शिया’ हा शब्द लिहू नये. सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने आणि वर्ष, अशा चार भेटी ठेवाव्यात. असंसर्गजन्य आजारांच्या क्लिनिकमध्ये बीपी-साखरेच्या कार्डावरच त्या बसवता येतील. तारीख देताना मात्र माणसाचे वर्ष पाहा. कापसाच्या वेचणीत कुणी येणार नाही. धडगाव-अक्कलकुव्यातली अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत उतरतात आणि होळीला परततात. नोव्हेंबरात सुटलेल्या रुग्णाला जानेवारीतली तारीख देऊन तो ‘फॉलोअपला आला नाही’ असे लिहू नका. निघण्याआधीची एक भेट आणि होळीनंतरच्या आठवड्यातली एक, अशा दोन्ही कार्डावर लिहा. त्याच्या गावच्या आशेकडे तेच दोन दिवस कळवा.

आपले,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत लकव्याच्या रुग्णांसोबत काम करणारे वाचा-उपचारतज्ज्ञ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि मानसशास्त्रज्ञ